साठाचं यंत्र, पन्नासाचा टीव्ही

१९८६ च्या मे महिन्यात थोरला भाऊ अमेरिकेहून पाच वर्षांनी घरी आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तो जुन्या अकरावीतून मॅट्रिक झाला, पुढं इंजिनिअर झाला, पुलांची कामं करायला तिकडं गेला. मी दहावीनंतर औत धरलं. एकाला शिकवायचं तर दुसऱ्यानं रानात उभं राहायचं, असा तो हिशेब होता. आबांनी तो कधी बोलून दाखवला नाही आणि मीही कधी विचारला नाही.

दादानं बरोबर एक खोकं आणलं होतं. आईला वाटलं शिलाई मशीन. उघडल्यावर निघालं ते तपकिरी रंगाचं, पुढं उतार असलेलं, टाइपरायटरच्या नुसत्या कळांसारखं यंत्र. "कॉम्प्युटर हाय," दादा म्हणाला. "कमोडोर ६४. तुझ्यासाठी आणलाय. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि शिकायचं."

'तुझ्यासाठी' हा शब्द मला त्या वेळी फार मोठा वाटला. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा. दहावीनंतरच्या साऱ्या वर्षांची फेड या खोक्यात आली, असंच मनात आलं.

आमच्या घरी तेव्हा शटरच्या लाकडी पेटीतला वीस इंची काळा-पांढरा टीव्ही होता. संध्याकाळी गल्ली गोळा झाली. मागं बायका, पुढं पोरं. दादा तसा सावध माणूस. आपल्याकडं वीज २३० व्होल्टची, तिकडं ११० ते १२० ची, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं दाब उतरवणारा एक जड ट्रान्सफॉर्मरही आणला होता. त्यात यंत्राचा ॲडॉप्टर खोचला. टीव्हीमागची अँटेनाची चपटी वायर सोडवली, तिच्या जागी यंत्राबरोबर आलेल्या डबीची दोन टोकं स्क्रूखाली आवळली. यंत्राच्या पाठीला चॅनल तीन आणि चार असं बटण होतं. ते तीनवर केलं. टीव्हीचा चक्राकार खटका फिरवून तोही तीनवर आणला. बटण दाबलं. यंत्राचा तांबडा दिवा लागला.

टीव्हीवर मुंग्या. नुसत्या मुंग्या.

खटका चारवर नेला, तेव्हा मुंग्यांतून तिरक्या पट्ट्या आल्या आणि एक जाड काळी पट्टी सारखी फिरत राहिली, रहाटाच्या पोहऱ्यासारखी. अक्षर एकही लागेना. दादानं डबी काढून पुन्हा जोडली, वायर हलवली, टीव्हीला थाप मारली. तासाभरानं पोरं पेंगायला लागली. कुणीतरी म्हणालं, "दादा, बातम्या लागतात का बघा." अँटेना परत जोडली. बातम्या स्वच्छ लागल्या. तेच फार वाईट झालं. टीव्ही चांगला आहे हे गल्लीसमोर ठरलं, म्हणजे बिघाड खोक्यातच असणार.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "तुमचा टीव्ही जुना हाय. तिकडं हे यंत्र लख्ख चालत हुतं."

मी यंत्र नीट बघितलं होतं. कळांवरची काही अक्षरं झिजलेली, एका कोपऱ्याला ओरखडा. मी बोलून गेलो, "तिकडं चालत हुतं, मग टाकलं कशाला? दादा, तुम्ही नवं घेतलं आणि मोडकं आमच्याकडं आणलं, असं झालं न्हवं का?"

दादा ताटावरून उठला नाही, पण पुढचा घास त्यानं घेतला नाही. आईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी भाकरी तशीच टाकून सोप्यात येऊन बसलो. उरलेले दहा-बारा दिवस आम्ही पाऊसपाण्याचं बोललो, कारखान्याच्या उसाचं बोललो, खोक्याचं नाही. दादा गेला. जाताना खोकं नेऊ का, असंही त्यानं विचारलं नाही. ते माळ्यावर गेलं.

धाकट्या बहिणीनं त्याच वर्षी दहावीची परीक्षा दिली होती. ती सुट्टीभर दादानं आणलेलं यंत्राचं पुस्तक घेऊन बसायची. इंग्रजी पुस्तक, पण आकडे आणि चित्रं पुष्कळ. एक दिवस म्हणाली, "भाऊ, यात लिवलंय की सुरुवातीला ३८९११ असा आकडा पडद्यावर येतो. आपल्या पट्ट्यांत मला एकदा ८ आणि ९ दिसला हुता. यंत्र मेलेलं न्हाई." मी तिला गप्प केलं. पण आठ आणि नऊ माझ्या डोक्यातून जाईनात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खोकं घोंगडीत गुंडाळून एस.टी.नं मिरजेला गेलो. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. सतारी, तंबोरे तिथं घडतात आणि देशभर जातात. त्या कारागिरांच्या गल्लीशेजारी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांच्या बाकावर पाठ उघडी टाकलेले दोन टीव्ही आणि समोर एक आरसा टेकवलेला. मागून स्क्रू फिरवताना पुढचं चित्र दिसावं म्हणून.

चाचांनी यंत्र उलटं करून खालचा कागद वाचला. मग मला विचारलं, "भाऊ, तुमच्या विहिरीवर मोटार आहे? तिच्या पाटीवर काय लिहिलंय?"

ते मला पाठ होतं. "पाच हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्ट, ५० सायकल, १४४० फेरे."

"हीच मोटार अमेरिकेत बसवली तर?"

मला सांगता येईना. चाचा म्हणाले, "तिकडं वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते. आपल्याकडं पन्नास. तिथं ही मोटार सतराशेच्या वर फेरे घेईल. ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, हेलकावे बदलत नाही. आणि ह्या यंत्राची तर तऱ्हा अजून वेगळी. त्याच्या चित्राचा ठेका त्याच्या पोटातल्या स्फटिकावर चालतो. वीज कुठलीही द्या, ते चित्र साठच्याच ठेक्यानं काढणार. तुमचा टीव्ही पन्नासच्या ठेक्यावर बसलाय. मशीन चांगलं आहे, टीव्हीही चांगला आहे. दोघांचा ताल जमत नाही, एवढंच."

मी बाकड्यावर बसलोच. बिघाड कशातच नव्हता. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मला आधी दादाचं अर्धं टाकलेलं ताट आठवलं.

चाचांनी त्या दिवशी सांगितलं ते आणि पुढं मी विचारत-वाचत गेलो ते, असं मिळून ही गोष्ट अशी आहे.

टीव्हीचं चित्र एकदम उमटत नाही. रानात जसं एकाशेजारी एक तास ओढत जावं, तशी काचेच्या आत विजेची एक किरणरेघ डावीकडून उजवीकडं तास ओढत वरून खाली येते. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राला ६२५ तासं आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकी पद्धतीत ५२५ तासं आणि ३० चित्रं. दर चित्र दोन पाळ्यांत काढतात, आधी एक सोडून एक तास, मग राहिलेली. म्हणून पाळ्या होतात सेकंदाला पन्नास आणि साठ. हे पन्नास-साठ विजेच्या हेलकाव्यांवरून घेतलेले. सुरुवातीच्या संचांत विजेची घरघर चित्रात उतरायची. चित्राचा ठेका विजेशी जुळवला की ती घरघर एका जागी थांबायची आणि डोळ्याला कमी खुपायची.

मग वीजच दोन तऱ्हेची का? तर जिथं ज्यानं आधी यंत्रं बसवली, तिथं त्याचं माप रुजलं. अमेरिकेत साठ, जर्मनीत पन्नास. जपानची गंमत ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनं जर्मन यंत्रं घेतली, ओसाकानं अमेरिकी. आजही त्या एका देशाच्या पूर्व भागात पन्नास आणि पश्चिम भागात साठ चालतात. बांध घातलेला दिसत नाही, पण आहे.

अमेरिकेनं टीव्हीची आपली पद्धत १९४१ मध्ये ठरवली. ज्या समितीनं ती ठरवली तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एनटीएससी म्हणतात. पुढं रंग आला. तोवर लाखो घरांत काळे-पांढरे संच होते. ते फेकायला न लावता रंग कसा आणायचा, हा प्रश्न होता. १९५३ मध्ये मंजूर झालेल्या पद्धतीत त्यांनी काळ्या-पांढऱ्या चित्राच्या आतच रंगाची एक बारीक लहर मिसळली, सेकंदाला सुमारे ३५ लाख ८० हजार कंपनांची. जुना संच तिच्याकडं दुर्लक्ष करतो, नवा संच तिच्यातून रंग काढतो. ही लहर आवाजाला त्रास देऊ नये म्हणून साठाचा आकडाही त्यांनी केसभर खाली आणला, ५९.९४ केला. पण त्या पद्धतीत वाटेत लहर जरा सरकली की रंग बदलायचा, माणसाचा चेहरा हिरवट व्हायचा.

जर्मनीत वॉल्टर ब्रुख नावाच्या इंजिनिअरानं त्यावर तोड काढली. रंगाच्या लहरीचा एक भाग त्यानं एका तासाला सुलटा आणि पुढच्या तासाला उलटा पाठवला. म्हणजे वाटेत झालेली चूक एका तासात डावीकडं झुकते, दुसऱ्यात उजवीकडं, आणि दोन्हींची सरासरी काढली की रंग सरळ. नांगर एका अंगाला ओढत असेल तर आपण जाताना आणि येताना ती ओढ दोन्हीकडं वाटून घेतो, तसंच. या पद्धतीला पाल म्हणतात. १९६७ पासून जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये ती सुरू झाली. तिची रंगाची लहर सुमारे ४४ लाख ३० हजार कंपनांची. फ्रान्सनं तिसरीच पद्धत काढली, सेकाम नावाची.

आपल्याकडं दिल्लीला टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाला, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ ला. आपली वीज पन्नासची, म्हणून आपण ६२५ तासांची पद्धत घेतली होती. १९८२ मध्ये स्वातंत्र्यदिन आणि दिल्लीचे एशियाई खेळ यांच्या निमित्तानं रंग आला, तेव्हा त्यावर बसणारी पालच आपण घेतली. यात कुणाची चूक नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरी जे होतं त्याला जुळेल ते घेतलं.

चाचांनी मला हे समजावताना मिरज स्टेशनाकडं हात केला होता. मिरजेला तेव्हा तीन रुंदींचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरचा मोठा, बेळगाव-बंगळुरूकडचा मधला, पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा लहान. तिन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. पण एकीची चाकं दुसरीच्या रुळावर बसायची नाहीत. माल आला की हमालांनी या डब्यातून त्या डब्यात पाठीवर न्यायचा. "आता तुमचा मी हमाल," चाचा म्हणाले आणि कामाला लागले.

पहिला गुंता चॅनलच्या आकड्याचा निघाला. दादानं तीनवर तीन लावलं होतं. पण अमेरिकेतलं तीन म्हणजे ६१.२५ मेगाहर्ट्झ आणि आपलं तीन म्हणजे ५५.२५. गट नंबर तोच, पण गाव वेगळं! त्या नंबरावर शोधून आपलं रान कसं सापडणार? त्याच्या सर्वांत जवळ आपलं चार नंबर, ६२.२५. म्हणून चारवर निदान पट्ट्या तरी दिसल्या. चाचांनी खटका चारवर ठेवला आणि त्याच्याभोवतीचं बारीक जुळवणीचं कडं हळूहळू फिरवत खाली आणलं. तिरक्या पट्ट्या मिटल्या. चित्र आलं, पण ते अजून फिरत होतं.

मग त्यांनी मागचं 'व्ही-होल्ड' नावाचं बटण धरलं. टीव्ही पाळ्या किती वेगानं घेतो ते त्यानं बदलतं. पन्नासपासून वर वर नेलं. फिरणारी पट्टी मंदावली, अडखळली, आणि एकदम थांबली. आरशात मला उलटी अक्षरं दिसली. मी उठून पुढं गेलो. चौकटीच्या आत यंत्राचं नाव, खाली ३८९११ आणि त्याखाली 'रेडी'. शेजारी एक ठिपका उघडझाप करत होता. चित्र वरून-खालून थोडं दबलेलं होतं. आमचा पडदा ६२५ तासांचा, त्यात ५२५ च आलेली. दोन्ही कडेला पडीक पट्टा राहिला.

उभी पट्टी फिरत होती, पण ओळी आडव्या फाटत का नव्हत्या, हा प्रश्न मला पडला नाही. तो घरी गेल्यावर बहिणीला पडला. तिनं पाटीवर मांडलं: ५२५ गुणिले ३० म्हणजे १५,७५०. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. "भाऊ, सेकंदाला ओढलेली तासं जवळजवळ सारखीच हायत की! त्यांची रानं लहान, पण औत जास्त फेऱ्या मारतंय. म्हणून आडवं जुळलं आणि उभंच तेवढं बिघडलं." हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तिलाही नाही. दहावीचा गुणाकार.

रंग मिळणार नव्हता. आमच्या टीव्हीला तो नव्हताच. पण चाचांनी बाकावरच्या रंगीत संचालाही जोडून दाखवलं. तिथंही काळं-पांढरंच. रंगीत संच आधी आपल्या ४४ लाख ३० हजाराची खूण शोधतो, ती सापडली नाही की रंगाचा विभागच बंद ठेवतो, म्हणजे चुकीचे रंग पडू नयेत.

आवाजाचंही तसंच. आपल्याकडं चित्र आणि आवाज यांच्या लहरींत साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर, तिकडं साडेचारचं. त्यामुळं टीव्हीतून नुसती सूं सूं येत होती. "एक कंडेन्सर टाकून साडेचारवर आणतो," चाचा म्हणाले, "पण मग तुमच्या बातम्या मुक्या होतील." आबांना ते चाललं नसतं. तेव्हा चाचांनी यंत्राच्या मागच्या गोल सॉकेटातून आवाजाच्या दोन तारा काढून दिल्या आणि त्या टेपरेकॉर्डरला जोडायला सांगितलं. निघताना दोन गोष्टी बजावल्या. टेपरेकॉर्डर सेलवरच चालवायचा. आणि टीव्हीच्या आत तार घुसवायला कुणी सांगितलं तरी घुसवायची नाही, कारण अशा संचांचा आतला पत्राच विजेला जोडलेला असतो, हात लागला तर माणूस उरत नाही. तिसरं त्यांनी जाता जाता सांगितलं. साठासाठी गुंडाळलेला ॲडॉप्टर पन्नासावर जास्त तापतो, म्हणून तासाभरानं बंद करायचा. पैसे घेतले वीस रुपये. वायरीचेच झाले असतील.

घरी आल्यावर त्या रात्री गल्ली बोलावली नाही. आम्ही घरचेच. चित्र टीव्हीवर, आवाज कोनाड्यातल्या टेपरेकॉर्डरमधून. आई चित्र सोडून कोनाड्याकडंच बघत बसली. अक्षरं नीट दिसेनात, कारण मुळात ती फिकट निळी आणि मागं गडद निळं. काळ्या-पांढऱ्यात ती राखाडीवर राखाडी झाली. बहिणीनं पुस्तकातून 'पोक ५३२८०,०' आणि 'पोक ५३२८१,०' असे दोन हुकूम शोधले. पडदा काळा झाला. दोन कळा एकदम दाबून तिनं अक्षरं पांढरी केली. फळ्यावर खडू उमटावा तसं दिसायला लागलं.

त्या जून-जुलैत ती रोज तासभर यंत्रावर बसली. तासच, कारण ॲडॉप्टरला हात लावून बघायचं काम माझ्याकडं होतं. तिनं पाढे म्हणणारा हुकूमनामा लिहिला. मग विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब लिहिला, भाऊबंदांपैकी कुणाची पाळी किती तासांची आणि पुढची कधी. यंत्र बंद केलं की ते पुसलं जायचं, कारण दादानं टेपवर साठवायचं जोडयंत्र आणलं नव्हतं. ती रोज पुन्हा लिहायची. एकदा मी म्हणालो, "रोज तेच काय लिवतीस?" म्हणाली, "रोज थोडं कमी लिवून तेच काम हुतंय का, ते बघतीय."

निकाल लागला होता. आबांच्या मनात तिच्यासाठी एक स्थळ होतं. शिक्षण दहावीपर्यंत पुरे, असं घरात बोलणं चाललं होतं. मी आबांसमोर कधी आवाज काढला नव्हता, स्वतःसाठीही नाही. त्या दिवशी गोठ्यात आबा वैरण टाकत होते तिथं गेलो आणि म्हणालो, "आबा, तिला सांगलीला घाला. अकरावीला. सायन्सला. खर्चाचं मी बघतो. रानात मी हाय की."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू हायस म्हणूनच तर." एवढंच. त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे. ती सांगलीला गेली.

दादाला मी पत्र लिहिलं. आजवर आमची पत्रं 'सर्व खुशाल' यापलीकडं गेली नव्हती. या पत्रात मी साठ आणि पन्नास लिहिलं, गट नंबराची गोष्ट लिहिली, व्ही-होल्ड लिहिलं, ५२५ गुणिले ३० लिहिलं. शेवटी लिहिलं, "यंत्र चांगले आहे. आमचा टीव्हीही चांगला आहे. मी त्या रात्री जे बोललो ते चुकीचे बोललो."

महिन्यानं उत्तर आलं. दादानं लिहिलं होतं की ते यंत्र त्यानं १९८३ साली नवं घेतलं होतं. आधी त्याची किंमत ५९५ डॉलर होती, ती उतरून दोनशेवर आली तेव्हा. तिथल्या पहिल्या हिवाळ्यांत बाहेर बर्फ, बोलायला कुणी नाही, तेव्हा रात्री तो त्यावर बसायचा. कळा त्याच्याच बोटांनी झिजल्या होत्या. "माझ्याकडे त्या वेळी त्याहून जवळची वस्तू नव्हती, म्हणून ती आणली. नवे घेऊन देणे सोपे होते. ते मला सुचलेच नाही." हे पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. घरात वाचवलं नसतं.

मोडकं म्हणून ज्याचा मी अपमान केला, ते त्याच्या हातचं वापरातलं अवजार होतं. शेतकऱ्याला हे कळायला हवं होतं. आपण आपला मुठीनं गुळगुळीत झालेला खुरप्याचा दांडा कुणाला देतो? परक्याला नाही.

रंग आम्ही बघितला तो दोन-अडीच वर्षांनी. चाचांचा भाचा कुवेतला होता. त्यानं सुट्टीवर येताना तिकडचा टीव्ही आणला. आखातात कुणीकडूनही आलेली माणसं राहतात, त्यामुळं तिकडच्या बाजारात पाल, सेकाम, एनटीएससी सगळं घेणारे संच मिळत. चाचांनी निरोप धाडला. मी आणि बहीण खोकं घेऊन गेलो. चाचांनी गोल सॉकेटातून चित्राची तार सरळ त्या टीव्हीच्या मागं लावली. चॅनल नाही, कडं नाही, व्ही-होल्ड नाही. टीव्हीनं स्वतःच साठ ओळखले. फिकट निळ्या चौकटीत गडद निळा पडदा उभा राहिला आणि त्यावर फिकट निळी अक्षरं.

बहीण म्हणाली, "हे एवढं निळं हुतं व्हय!" तिला सगळे हुकूम पाठ होते, प्रत्येक रंगाचा नंबर पाठ होता, पण रंग ती पहिल्यांदा बघत होती. ती एकामागून एक सोळाही रंग पडद्यावर आणत गेली. नंबर म्हणायची आणि रंग बघायची. मी मात्र तो निळाच आठवत होतो. दादा त्या हिवाळ्यात रोज रात्री हेच बघत बसला असेल.

बहीण पुढं गणित शिकली. आता एका हायस्कुलातून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त व्हायला आली आहे. चाचा गेले. त्यांचं दुकान आता मोबाइलचं झालं. मिरजेतले तिन्ही रूळ जाऊन एकच मोठा राहिला. आताचे टीव्ही पन्नास-साठ दोन्ही गुपचूप घेतात, कुणाला पत्ताही लागत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या यंत्राच्या पोटात एक घड्याळ आहे. ते मात्र भिंतीतल्या विजेचे हेलकावे मोजून चालतं. साठ मोजले की एक सेकंद धरतं. आपल्याकडं सेकंदाला पन्नासच येतात, म्हणून ते तासाला दहा मिनिटं मागं पडतं. बहिणीनं हे पुस्तकात वाचून शोधून काढलं आणि ते कसं सुधारायचं तेही तिला सापडलं. एक आकडा बदलला की ते पन्नास मोजायला लागतं. यंत्रात ती सोय बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती, आपण सांगायचा अवकाश.

दादाला हे पुढच्या पत्रात कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "मग तो आकडा आता बदलूनच ठेवा, यंत्र तिकडेच राहणार आहे."